बकरी कुठे गेली होती?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गिरडच्या चौकातून एक बकरी हरवली आणि तिच्या शोधात सापडलो मी.

बकरी माझी नव्हती. मागच्या मोहल्ल्यातल्या एका आजीची होती. सायंकाळी चरून बाकीच्या आल्या, ही आली नाही. पूर्वी असं झालं की आजीने दारात बसून चार घरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, चौकातल्या म्हाताऱ्यांनी तीन दिशा दाखवायच्या आणि बकरी चौथ्या दिशेला सापडायची. या वेळी मात्र गर्दीतून कोणीतरी बोललं, "कायले फिरून राह्यले जी इकडे तिकडे? कॅमेरा पाहा ना!"

कॅमेरा किराणावाल्या भाऊंचा. त्यांना खरं म्हणजे एकच हवा होता, गल्ल्यावर. पण दोन घेतले तर दुसरा अर्ध्या किमतीत मिळत होता. दुसऱ्याचं करायचं काय, म्हणून तो छपराखाली चौकाकडे तोंड करून ठोकला. अख्ख्या गावावर पाळत बसली ती कुठल्या कायद्याने नाही, ग्रामसभेच्या ठरावाने नाही, तर अर्ध्या किमतीमुळे.

बारा-पंधरा जण दुकानात शिरलो. गुळाच्या भेलीवर दोघे टेकले, तेलाच्या डब्यावर एक बसला. पडद्यावर चार चौकोन. दोन काळे, एकात गल्ला, एकात आमचा चौक. दुपारी चारपासून पाहायचं ठरलं. आठपट वेगाने माणसं मुक्या सिनेमातल्यासारखी तुरुतुरु चालत होती. ज्यांना आयुष्यात कधी घाईने चालताना पाहिलं नाही ते काकाजीही पळताना दिसले. बकऱ्या आल्या आणि गेल्या. मोजताना कोणी अकरा मोजल्या, कोणी बारा. एक ट्रॅक्टर मध्ये आला नि नेमकं काय ते झाकून गेला.

आणि मग सहा वाजून बारा मिनिटांनी मी आलो. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. दरोडा घालायचा असता तरी मी इतकं सावध वागलो नसतो. मग पानठेल्याशी गेलो, हात पुढे केला, पन्नी घेतली आणि ती खिशात टाकली.

"थांबव, थांबव! मांगं घे."

मागे घेतलं, मोठं केलं. खर्राच होता. गुढीपाडव्याला मी खर्रा सोडल्याचं जाहीर केलं होतं. नुसतं जाहीर नाही, पेढे वाटून. आता पडद्यावर मी, हातात पन्नी, आणि कोपऱ्यात तारीख, तास, मिनिट, सेकंद. एकाने तोंडातला खर्रा गालात सरकवत माझ्याकडे दयेने पाहिलं.

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचून पाणी पिऊन बसली होती.

"सापडली का बकरी?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मंग काय सापडलं?"

त्या रात्री जेवताना कोणी बोललं नाही. मीही नाही. वरणात मीठ कमी होतं. पण मीठ मागायचा नैतिक अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

आता, गावात राहणाऱ्या माणसाने 'माझ्यावर पाळत ठेवली' म्हणून रडणं म्हणजे मासोळीने पाऊस लागला म्हणून तक्रार करण्यासारखं आहे. समुद्रपूरहून येणाऱ्या एसटीतून तुम्ही पहिल्यांदा गिरडला उतरा. पिशवी खाली ठेवायच्या आत प्रश्न येतो, "कोणाच्या घरचे पाहुने जी?" तुम्ही नाव सांगता. समोरचा माणूस ते घर दाखवतो, वर त्या घरी आज सकाळीच भांडण झालं असून बाई माहेरी गेल्याचंही सांगतो. ओट्यावरचे डोळे हा आमचा मूळ कॅमेरा. त्याला वीज लागत नाही, लोडशेडिंगमध्ये तर तो जास्तच चालतो.

आमच्या भाषेतच बघा. 'प्रायव्हसी'ला पुस्तकात गोपनीयता म्हणतात, पण गिरडच्या चौकात तो शब्द वापरला तर लोक समजतात दहावीची प्रश्नपत्रिका फुटली. त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'खासगी'. त्याचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. खासगी म्हणजे राजघराण्याचं स्वतःचं उत्पन्न, दौलतीच्या हिशेबाबाहेरचं. इंदूरच्या होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे. तिच्यातूनच अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. म्हणजे खासगी असायला आधी राणी असावं लागायचं. रयतेला खासगी काय? रयतेला बाज, तीही अंगणात.

त्यामुळे जुन्या ओट्याचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्या ओट्याने पुष्कळांची आयुष्यं खाल्ली आहेत. कोणाची मुलगी कोणाशी बोलली, कोण कोणाच्या घरी पाणी प्यायला, कोणत्या विधवेने हिरवं लुगडं नेसलं, ही सगळी दप्तरं ओट्यानेच ठेवली. ज्याला ओट्याचा काच झाला तो नागपूरला पळाला आणि तिथल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं नावही माहीत नसण्याचं सुख भोगू लागला. सुख कशाला म्हणायचं ते त्याला कळलं होतं.

पण ओट्याचे दोन गुण होते. एक, ओट्यावरचा माणूस तुम्हाला दिसायचा. तो तुमच्याकडे पाहतोय हे तुम्ही पाहू शकत होता आणि त्याच्या खर्ऱ्याचा हिशेब तुमच्याकडेही असायचा. दुसरा गुण म्हणजे ओटा विसरायचा. गेल्या पोळ्याला तुम्ही दारू पिऊन बैलाऐवजी स्वतःच तोरणाखालून धावलात हे यंदाच्या पोळ्यापर्यंत टिकायचं, फार तर त्याच्या पुढच्या. माझ्या खर्ऱ्याला मात्र सेकंद लागलेत.

आमच्या गावाला पाहणाऱ्याचा अनुभव तसा फार जुना आहे. गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. दूरदूरचे लोक येतात, हिंदू-मुसलमान दोन्ही. टेकडीवर गोल गोल दगड पडलेले असतात, काही सुपारीएवढे, काही मोठे. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. ब्रिटिशांनी जुन्या गॅझेटियरात त्यांची कथा नोंदवून ठेवली आहे. बाबा तीस वर्षं फकिरीत हिंडून सन 1244 च्या सुमारास इथे स्थिरावले. दोन फिरते व्यापारी नारळाचा माल घेऊन त्यांच्या मुक्कामावरून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगडाचा केला. व्यापारी पाया पडले, माफी मागितली. तेव्हा बाबांनी वाळल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघे मग कुठे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेत राहिले. त्यांच्या म्हणून दोन कबरी टेकडीवर दाखवतात.

लहानपणी मला या कथेत दगडांचं नवल वाटायचं. हल्ली मला नवल वाटतं ते माल परत मिळाल्याचं.

कारण हल्लीचा पाहणारा माल दगडाचा करतो आणि मग त्याच्या पाया पडायला पायच सापडत नाहीत. आमच्या एका काकूंचं रेशन घ्या. जन्मभर कापूस वेचून, भांडी घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या. अंगठा लावला की यंत्र म्हणतं, ही बाई ती नाही. दुकानात उभे असलेले वीस जण म्हणतात, हीच ती, हिच्या लग्नात आम्ही जेवलो. यंत्र जेवायला आलेलं नव्हतं. काकू अंगठा पदराला पुसतात, थुंकी लावतात, तर्जनी लावतात, आणि वर एकदा यंत्राला हात जोडतात. मी स्वतः पाहिलं आहे. पाचव्या वेळेला यंत्राने ओळख दिली तेव्हा काकू म्हणाल्या, "पावलं बाप्पा!"

आधारचा देशातला पहिला क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला. त्या दिवसापासून माणसाने आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं काम जे सुरू झालंय, ते संपायचं नाव नाही. शेतातही सुटका नाही. 2021 च्या स्वातंत्र्यदिनापासून, मुहूर्त लक्षात घ्या, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर जाऊन आपल्याच पिकाचा फोटो आपणच काढून सरकारला पाठवायचा. पूर्वी तलाठी घरी बसून पाहणी करायचा, आता शेतकरी शेतात उभा राहून करतो, म्हणजे प्रगती आहेच. माझा जुना मोबाइल मात्र मला माझ्या गटात उभं राहू देत नाही. तो मला धुऱ्यापलीकडे, चुलतभावाच्या तुरीत दाखवतो. ज्या धुऱ्यासाठी आमच्या आज्यांनी कोर्टात वीस वर्षं काढली तो धुरा मोबाइलने एका दिवसात ओलांडला.

रोजगार हमीचं तर विचारूच नका. मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा चढवायचा असा नियम आला. लोकांनी काय करावं? जुन्या फोटोचा फोटो काढून चढवला. बाईच्या नावापुढे बाप्या उभा केला. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रालयानेच पत्र काढून राज्यांना या सगळ्या युक्त्या कळवल्या. मग फोटो तपासायला माणसं नेमायचं ठरलं. उद्या त्या माणसांचा फोटो लागेल. कॅमेऱ्याला कॅमेरा, त्याला कॅमेरा; आमच्याकडे याला लग्नातल्या आहेराची परतफेड म्हणतात.

पाळतीच्या या सरकारी वंशावळीत मूळपुरुष म्हणून मी गुडमॉर्निंग पथकाला मान देतो. नव्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो: गाव हागणदारीमुक्त करण्यासाठी महाराष्ट्रात पथकं पहाटे अंधारात निघायची. टॉर्च, शिट्टी आणि गुलाबाचं फूल. टमरेल घेऊन बसलेल्या माणसाला गाठायचं आणि फूल द्यायचं. हेतू चांगला होता, कोणी नाही म्हणत नाही. आमच्या ओळखीचे एक गुरुजी त्या पथकात होते. ज्या पोरांना दिवसा ते शिकवायचे त्यांच्या बापांना पहाटे हुडकायचे. बाप्ये पळायचे, हसायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचे. बायका पळू शकत नव्हत्या. टॉर्चचा झोत आला की ताडकन उभ्या राहायच्या आणि तशाच अवघडून उभ्या राहायच्या, झोत जाईपर्यंत. गुरुजी म्हणाले होते, "फूल द्याले हातच पुढे होत नव्हता." या लेखातली एवढी एक गोष्ट मला विनोदी करता आलेली नाही.

वाघांचा कॅमेरा अजून निराळा. गिरडपासून खुर्सापारचं जंगल लांब नाही आणि वाघ हा आमच्याकडे प्राणिशास्त्राचा विषय नसून रात्री उशिरा बाहेर न पडण्याचं कारण आहे. देशभराच्या 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांवर, त्यांत वाघाचे 76,651. गिनीज बुकात नोंद आहे. आता वाघासाठी लावलेला कॅमेरा समोरून जाणाऱ्या कोणाचाही फोटो काढतो. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बाईचाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना हेच दिसलं. 2024 साली त्यांचा अभ्यास छापून आला. कॅमेरे लागल्यापासून बायका जंगलात हळू बोलू लागल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या. गाणी ही केवळ हौस नव्हती, आवाजाने वाघ-हत्ती दूर राहायचे. म्हणजे वाघ मोजायच्या कॅमेऱ्याने बायकांना वाघाच्या जवळ नेलं.

मोठ्या माणसांची पाळत मात्र जरा रुबाबात चालते. आमच्या जिल्ह्यातच, सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोला गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने तो बसवला होता. एका माणसाच्या झोपडीत शिरायला साम्राज्याला स्वतःच्या खर्चाने तार ओढावी लागली. आम्ही आमचा फोन हप्त्यावर विकत घेतो, त्यात रिचार्ज आम्ही टाकतो, आणि रात्री उशाशी घेऊन झोपतो. लिनलिथगो आज असता तर त्याला पैशांची ही बचत पाहून भरून आलं असतं.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला 1885 च्या तार कायद्याने दिला. तेव्हा गिरडला तार आली तर कोणी मेलं असं समजून आधी रडायची पद्धत होती. तोच कायदा 2023 सालचा नवा दूरसंचार कायदा येईपर्यंत जोरात चालला. त्यातली एक हकीकत विदर्भातल्या माणसाला विसरणं शक्य नाही. आपला फोन 'अमजद खान' या नावाने ऐकला गेला, असं नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितलं. बच्चू कडूंच्या फोनला म्हणे 'निजामुद्दीन बाबू शेख' असं नाव दिलं होतं. गुन्हे दाखल झाले, पुढे 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्दही केले, तेव्हा त्यावर मी बोलणार नाही. पण चौकात त्या आठवड्यात प्रत्येक जण दुसऱ्याचा फोन लागला की आधी विचारत होता, "कितने आदमी थे?"

दिल्लीतही एकदा या विषयाची नीट चर्चा झाली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी नवांनीही एकमुखाने 'आहे' म्हणून सांगितलं. नऊ शहाणे एका मतावर आले हीच आमच्या ग्रामपंचायतीच्या दृष्टीने मोठी बातमी. त्यातले एक धनंजय चंद्रचूड. आणीबाणीत, 1976 साली, माणसाच्या जगण्याच्या हक्कालाही कुलूप लावता येतं असा जो निकाल आला होता त्यावर त्यांच्या वडिलांची, यशवंतराव चंद्रचूडांची सही होती. मुलाने तो निकाल चुकीचा होता असं लिहून फिरवला. मी ही गोष्ट चौकात मोठ्या उत्साहाने सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतली. मग एक काकाजी म्हणाले, "बापाचं लेकरानं खोडलं, हे त आमच्याही घरी होते. पन लेखी देत नाई कोनी."

हक्क लेखी मिळाला. तिकडे नागपुरात 2024 पासून 'मार्व्हल' नावाची राज्य सरकारची कंपनी पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता घडवते आहे. चोर पकडले गेले तर मला आनंदच आहे. माझी भीती साधी आहे. त्या दिवशी दुकानात आम्ही पंधरा जण बसलो होतो. तासाभरात सहा जण कंटाळून उठून गेले, दोघं गुळाच्या भेलीवर झोपले. माणूस कंटाळतो, हा आजवर आमचा मोठा आधार होता. पाहणारा जांभई देतो तेवढ्यात आपण खर्रा घेऊन निघून जातो. यंत्र जांभई देत नाही.

बकरीच्या प्रकरणानंतर चौकात काय झालं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात पानठेल्यासमोरचा बाक कोणीतरी दोन हात मागे सरकवला. मग आणखी दोन हात. पोळ्यापर्यंत तो बाक देवळाच्या मागे गेला होता, जिथे ऊन येतं, मच्छर येतात आणि बसायला धड जागा नाही. बाक कोणी हलवला विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, मी नाही. दोन म्हातारे पूर्वी रोज सायंकाळी कापसाच्या भावावरून मुंबईपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना नावं घेऊन शिव्या द्यायचे. आता त्यांनी नावं सोडली, नुसत्या शिव्या ठेवल्या. कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही हे मी त्यांना समजावून सांगितलं. "तुले काय माहीत?" एवढंच उत्तर मिळालं. कॉलेजात जाणारी एक पोरगी आणि एक पोरगा बसची वाट पाहताना चार शब्द बोलायचे. ती आता रस्त्याच्या अल्याड उभी असते, तो पल्याड, दोघंही शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे ताठ. किराणावाले भाऊ दिवसभर गिऱ्हाइकांत असतात, त्यांना पडद्याकडे पाहायला वेळही नसतो. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये मधोमध एक मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या सात इमारती होत्या म्हणतात. मनोऱ्यावरचा पहारेकरी झोपला असला तरी खालच्याला ते कळण्याची सोय नव्हती. आमच्या चौकात तर इमारतीही बांधाव्या लागल्या नाहीत.

सगळ्यांत वाईट हाल खुद्द भाऊंचे झाले. कॅमेरा बसवणाऱ्या पोराने जाता जाता वहिनींच्या मोबाइलवरही चित्र जोडून दिलं. आता भाऊ कोणाला उधारी देतात, किती वाजता झोप काढतात, गल्ल्यातून कितीची नोट काढून खिशात घालतात, हे घरी स्वयंपाक करता करता दिसतं. भाऊंनी एकदा चौकावरच्या कॅमेऱ्यावर पोतं टाकायचं मनावर घेतलं होतं. शिडीवर चढलेही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वहिनींनी विचारलं, "शिडीवर कायले चढले जी?"

बकरी तिसऱ्या दिवशी सकाळी आपली आपण घरी आली. पोट भरलेलं होतं, अंगावर ओरखडा नव्हता, आणि गळ्यात एक निळ्या सुतळीचा तुकडा होता, जो आमच्या गावातला नाही. आजीने तिला दोन शिव्या दिल्या आणि मिठाचा खडा चाटवला. भाऊंनी पुन्हा तिन्ही दिवसांचं चित्रीकरण मागेपुढे करून पाहिलं. येताना दिसली नाही, जातानाही दिसली नाही. ती कुठे गेली होती, हे गिरडमध्ये अजून कोणालाही माहीत नाही.